समुद्र बंद असतो ते महिने

आषाढ पौर्णिमेला बदलापुरातल्या आमच्या मांजर्लीच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होतं. बायका पांढऱ्या साड्या घोट्याच्या वर धरून चिखलातून येतात, दारात छत्र्या मिटतात, आणि त्या छत्र्यांखाली हळूहळू पाण्याचं तळं साचतं. वंदना होते. मग कुणीतरी चष्मा पुसून वाचायला बसतं आणि पत्र्यावर पावसाचा जोर वाढला की आवाज चढवतं. भिक्खूंनी पावसाळ्याचे महिने फिरू नये, एका जागी राहावं, असा जुना नियम आहे. त्या महिन्यांचं हे वाचन. समुद्रालाही असाच नियम असतो हे मला लग्नानंतर कळलं. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून घेतात, त्यांच्यावर नारळाची झापं टाकतात, आणि पाण्याखाली उतरणारी माणसं आपापल्या घरी येऊन बसतात.

माझे मिस्टर मिलिंद त्यांतले. गेली काही वर्षं ते मालवणकडे सुहास तांडेलांच्या होड्यांवर कामाला असतात आणि पावसाळ्यापुरते बदलापूरला घरी येतात. यंदा आले नाहीत. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी फोन आला.

“तांडेलच्या होड्या वर घेतल्यात. कोणीतरी बघायला पाहिजे ना. या टायमाला इथेच थांबतो.”

“बरं,” मी म्हणाले.

“तुझं काय? नदीचं पाणी आलं का?”

“अजून कंपाउंडच्या बाहेर आहे.”

“सामान वर ठेव,” ते म्हणाले. मग बराच वेळ नुसता पाऊस ऐकू येत राहिला, त्यांच्याकडचा की माझ्याकडचा ते कळेना. “चल मग. ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी विहारात मी मागे भिंतीला टेकून बसले. वाचणाऱ्या बाईंचा आवाज येत होता, शब्द आत जात नव्हते. मला तो एक पावसाळा आठवत होता, ज्या पावसाळ्यात आम्ही दोघांनी दुसरं काही म्हणून केलं नाही. फक्त माझ्या पायांना बसतील अशा फिन्स शोधल्या.

फिन म्हणजे पाण्याखाली जाताना पायात घालतात तो रबरी पंजा. पुढे बदकाच्या पायासारखा पसरट, मागे पाय अडकवायला जागा. मिलिंदच्या फिन्स लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माळ्यावरच्या पिशवीत मी पाहत आले होते. काळ्या, जड, लांबच लांब. त्यांना रबराचा आणि खाऱ्या पाण्याचा मिळून एक वास यायचा. पिशवी खाली काढली की ते कामावर निघाले, आणि वर गेली की घरी आले, एवढाच त्या पिशवीचा मला अर्थ. त्यांचं काम बंदरात. जहाजांची बुडं तपासायची, त्यावरची शिंपलीशेवाळं खरवडायची, धक्क्याच्या खांबांना तडे गेलेत का पाहायचं. महिनाभर बाहेर, आठवडाभर घरी. घरी असले की झोपायचे, मटण आणायचे, आणि परत जायचे. आमचा संसार तसाच चालला होता आणि चालला होता तोवर आम्हाला त्यात काही उणं वाटलं नव्हतं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांना सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, कान दडलेले. अशा वेळी पाण्यात उतरायचं नसतं, हे त्यांनीच नव्या मुलांना शेकडो वेळा सांगितलं असेल. पण काम थोडं उरलं होतं. खाली जाताना डावा कान मोकळा होईना म्हणून त्यांनी नाक दाबून जोर लावला. कानात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि पाणी त्यांच्याभोवती गरगर फिरायला लागलं. वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना. आपल्याच बुडबुड्यांकडे पाहून वरची दिशा कळली, असं एकदा ते म्हणाले होते. एकदाच.

डॉक्टरांनी कागदावर कानाचं चित्र काढून दाखवलं. आतला एक नाजूक पडदा गेला होता. डाव्या कानाला आता ऐकू येणार नाही, चक्कर हळूहळू कमी होईल, आणि पाण्याखाली पुन्हा जायचं नाही.

“थोडं खाली पण नाही?” मिलिंदनी विचारलं.

“डोकं वर ठेवून पाण्यात उभे राहा हवं तर,” डॉक्टर म्हणाले.

मग ते खिडकीशी खुर्ची टाकून बसले. आमची खोली तळमजल्यावर. खिडकीतून पलीकडच्या बिल्डिंगच्या मागे नदीकाठची झाडं दिसतात, नदी दिसत नाही. ते त्या झाडांकडे बघत बसायचे. उठताना एक हात भिंतीला लावायचे. टीव्ही मोठ्याने. मी विचारलं, काय होतंय, तर म्हणायचे, “कानात कंप्रेसर चालू आहे.” ज्या कानाला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं त्याच्या आत रात्रंदिवस ते यंत्र घरघरत होतं. मी काय करणार होते त्याला?

मी उल्हासनगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. सकाळी लवकर जायचं, दुपारपर्यंत रांग संपवायची. एकदा घरी आले तर दारात शेजारच्या वहिनी उभ्या. आत जळका वास. कुकर करपून काळा झाला होता, शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊन गेल्या होत्या, आणि मिलिंद पलीकडेच, मोठ्या आवाजातल्या टीव्हीसमोर, डावा कान स्वयंपाकघराकडे करून बसलेले. वहिनींनीच धावत येऊन गॅस बंद केला. त्या गेल्यावर मिलिंद राखेने कुकर घासायला बसले. त्यांची घासणारी पाठ बघताना माझ्या तोंडून निघून गेलं, “मला शिकवा ना.”

“काय?”

“पाण्याखाली जायला.”

“तू कशाला जाणार?”

“बघायला. एवढी वर्षं तुम्ही काय बघत होतात ते.”

ते घासत राहिले. “बघायला काही नसतं. जहाजांची बुडं बघायचो मी. गढूळ पाणी. हातभर लांबचं दिसत नाही.” मग थोड्या वेळाने, कुकर धुऊन पालथा घालताना, “तुला पोहता तरी येतं का?”

इतकी वर्षं लग्नाला झाली आणि हे त्यांना माहीत नव्हतं. माझं माहेर पालेगावचं. आमच्या वस्तीची विहीर वेगळी होती. तिच्यात मामाने माझ्या पाठीला रिकामा डबा बांधून मला ढकललं होतं. मी चांगली पोहत होते. हे सांगितलं तेव्हा मिलिंद माझ्याकडे बघत राहिले, ओळख पटत नसल्यासारखे. दुसऱ्या दिवशी लॅबमधून आले तर माळ्यावरची पिशवी खाली होती.

अंबरनाथला एका कारखान्याच्या वसाहतीत पोहण्याचा टँक होता. मिलिंद तिथेच पोरपणी तयार झालेले, तिथला रखवालदार त्यांच्या ओळखीचा. पावसाळ्यात तिथे कुणी फिरकत नसे. हिरवट पाणी, काठावर शेवाळ, पाण्यावर गुलमोहराची बारीक पानं. दुपारच्या रिकाम्या गाडीने मी लॅबजवळच्या विठ्ठलवाडी स्टेशनहून यायचे, ते बदलापूरहून यायचे, आणि अंबरनाथ स्टेशनच्या पुलाखाली आम्ही भेटायचो. कॉलेजातल्या पोरापोरींसारखं. त्या वेळी मला तसं वाटलं नव्हतं, आता वाटतं.

पहिल्यांदा त्यांनी त्यांच्याच फिन्स माझ्या पायात चढवल्या. मागे पट्टा होता, तो ओढून घट्ट केला, पुढे मोजे कोंबले. पायात दोन फळ्या बांधल्यासारखं वाटत होतं. “उलटं चाल. फिन घालून कधी पुढे चालायचं नाही, तोंडावर पडशील.” मी उलटी चालत पाण्यात उतरले आणि दोन्ही हात पुढे करून पाय मारायला लागले. टँकच्या मध्यावरही पोचले नसेन, उजव्या पोटरीत गोळा आला. अशी कळ की मी पाणी प्यायले. कशीबशी काठाची दांडी धरली.

“कंबरेतून मार पाय,” मिलिंद वरून सांगत होते. “गुडघ्यातून नाही. सायकल चालवतेस काय?”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दोन्ही पोटऱ्या. ते काठावर बसून ओरडत. “फिन कडक असली तरच ढकलते, मऊ फिन म्हणजे खेळणं, समुद्रात ओढ असली तर जागच्या जागी राहशील, मी पहिल्या दिवसापासून ह्याच घातल्या.” “तुझी पोटरीच कच्ची आहे,” ते म्हणाले.

“सकाळपासून उभी आहे मी,” मी म्हणाले. मी चिडले नव्हते, फक्त दमले होते. “रोजच असते.”

मी काठावर बसून पोटरी चोळत होते, सलवार वर गेली होती. त्यांनी माझे पाय पाहिले. उभं राहून राहून गुडघ्यामागे निळ्या शिरा तटतटून आल्या होत्या, त्या त्यांनी पाहिल्या. खाली वाकून अंगठ्याने एक शीर हलकेच दाबून पाहिली.

“दुखते?”

“संध्याकाळी.”

“कधीपासून आहे हे?”

“असेल चार-पाच वर्षं.”

त्या दिवशी त्यांनी फिन्स पिशवीत भरल्या, आणि स्टेशनपर्यंत आम्ही भिजत आलो.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये हरेशभाईंचं दुकान होतं. बाहेरून येणारा मिसळीचा माल, ज्याला तिथे लॉट म्हणतात, तो ते घ्यायचे. खेळणी, छत्र्या, तंबू, रेनकोट, एकाच पायाचे बूट, जे येईल ते. माझी ओळख अशी की त्यांची साखर दर महिन्याला मीच तपासत असे. मी फिन्सचं विचारल्यावर ते हसले नाहीत. “स्विमिंगवाला चाहिए ना? एक बोरा पड़ा है, कोई लेता नहीं,” म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले. गोणी उपडी केली. निळ्या, हिरव्या, पिवळ्या, एकदम छोट्या, एकदम मोठ्या, जोड्या सुटलेल्या.

“भाभी, आराम से पैर डालके देखो.”

मी स्टुलावर बसले आणि मिलिंद खाली उकिडवे बसून एकेक चढवू लागले. चढवायचे, काढायचे. त्यांची बोलण्याची तऱ्हा बदलली होती. “बोटं हलतात? हलली पाहिजेत. पुढे टोचतंय का? आता पाय उचल आणि झटक. टाच सुटते का बघ. वरून दाबतंय? दाबत असेल तर सांग, नंतर सैल होईल म्हणू नकोस. पाण्यात काही सैल होत नाही, पाय बधिर होतो.” माझी टाच त्यांच्या तळहातावर होती. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती, मला अवघडल्यासारखं झालं, आणि पाय काढून घ्यावासाही वाटेना.

मी पिवळ्या घेतल्या. हलक्या प्लास्टिकच्या, पूर्ण पाय आत जाणाऱ्या, बुटासारख्या. त्यांनी हातात घेऊन वाकवून बघितल्या. फार मऊ आहेत म्हणाले, पण अडवलं नाही.

टँकमध्ये पोटरीत गोळा आला नाही. पण गंमत अशी झाली की माझे पायच वर आले. डोकं खाली, पाय वर. मी खाली जायला बघायचे आणि पिवळ्या फिन्स पाण्याच्या वर येऊन फटाफट वाजायच्या. रखवालदार शेडमधून बघत होता. मी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. टाचेची कातडी सोलून निघाली, त्यावर टँकचं पाणी झोंबत होतं. मिलिंद काठावर कपाळाला हात लावून बसले होते. त्यांना पाण्यात उडी मारून माझे पाय धरून दाखवायचं होतं, ते त्यांच्या अंगावरून कळत होतं. आणि ते बसून होते.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “नाही जमायचं हे. मी तुला माझ्यासारखं सांगतोय, आणि तू मी नाहीस.”

मला त्यातलं ‘तू मी नाहीस’ एवढंच ऐकू आलं होतं. पुष्कळ दिवस ते मनात कुसळासारखं राहिलं. ते स्वतःची चूक सांगत होते, हे मला खूप उशिरा समजलं.

मधे बरेच दिवस आम्ही टँकवर गेलो नाही. ते पुन्हा खिडकीशी बसले. मी विहारात जात होते, घरी येत होते. भाजी काय करू, एवढंच बोलणं. बाहेर पाऊस असा की कपडे वाळेनात, खोलीभर दोऱ्या बांधलेल्या, आणि त्या ओल्या कपड्यांच्या आडून एकमेकांचे फक्त पाय दिसायचे.

मग नदी आली. मांजर्लीत राहणाऱ्याला त्याचं नवल नाही. सकाळी कंपाउंडमध्ये पाणी, थोड्या वेळाने पायरीवर, आणि बघता बघता मोरीच्या भोकातून खोलीत. आम्ही गादी, टीव्ही, धान्याचे डबे, बाबासाहेबांचा फोटो, सगळं वर चढवलं. गॅसची शेगडी ओट्यावर होती. पाणी गुडघ्याशी येऊन थांबलं. आम्ही दोघं पलंगावर पाय वर घेऊन बसलो. गढूळ, मातकट पाणी, त्यात चपला, काड्या, कुणाचा तरी प्लास्टिकचा मग.

पलंगाखालून एक पिवळी फिन बाहेर आली आणि खोलीभर फिरू लागली. मागोमाग दुसरी.

मिलिंद त्या दोघींकडे बघत राहिले. मग एकदम पलंगावरून उतरले, गुडघाभर पाण्यात भिंत धरून उभे राहिले आणि पायाने चाचपडू लागले.

“काय शोधताय?”

“माझ्या कुठे आहेत?”

वाकून त्यांनी हात घातला आणि त्यांच्या काळ्या फिन्स तळातून वर काढल्या. मला दाखवल्या. सोडल्या. त्या सरळ खाली गेल्या.

“बघ,” ते म्हणाले. “रबर बुडतं. ती तरंगते. तुझे पाय मुळात हलके आहेत पाण्यात, बायकांचे असतात, त्यात ही तरंगणारी फिन. म्हणून वर जातात. तुला रबरच पाहिजे.” आणि ते हसले. घरात नदी, भिंतींना ओल चढतेय, वरच्या मजल्यावरून कुणीतरी जिन्यात रडतंय, आणि हा माणूस पाण्यात उभा राहून हसतोय. कान गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

पाणी ओसरलं. गाळ काढला, भिंती धुतल्या. पुढचे कितीतरी दिवस घराला नदीच्या तळाचा वास येत होता. एका दुपारी आले तर मिलिंद व्हरांड्यात बसले होते. समोर त्यांच्या फिन्स, बाजूला पाण्याची बादली आणि हॅक्सॉ. फिनवर खडूने आडवी रेघ मारलेली.

मला कळलं तेव्हा मी म्हणाले, “अहो, नका कापू.”

“का?”

त्या कापल्या की तुम्ही पुन्हा कधीच जाणार नाही, हे मी कसं म्हणणार होते? डॉक्टरांनी ते केव्हाच सांगून ठेवलं होतं.

“दुसऱ्या मिळतील रबराच्या. हरेशभाईंना सांगू.”

“रबर चांगलं आहे हे,” ते म्हणाले. “लांबी जास्त आहे म्हणून तुझ्या पोटरीवर जोर येतो. चार बोटं कमी केली की पाणी कमी ओढेल. पाय थकणार नाही. जरा हळू जाशील. तुला कुठे घाई आहे?”

रबर कापायला सोपं नसतं. पातं अडकतं. ते मधूनमधून पाणी ओतत होते, काळी भुकटी व्हरांड्याच्या लादीवर पसरत होती, जळल्यासारखा वास सुटला होता. मी चहा केला, तो गार झाला. पहिला तुकडा सुटून पडला तेव्हा त्यांनी तो उचलला, बोटाने कड चाचपली आणि बाजूला ठेवला. दुसरी फिन घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी दारात उभी होते. आत जावं की तिथेच थांबावं ते मला ठरवता येत नव्हतं, म्हणून थांबले. मग पॉलिश पेपरने त्यांनी कडा घासल्या. पाय आत सैल पडू नये म्हणून उल्हासनगरच्या चपलांच्या कारखान्यातून हवाई चपलेच्या रबराच्या पट्ट्या आणून आतून चिकटवल्या, माझ्या मापाचे जाड मोजेबूट आणले. हे सगळं करताना त्यांना माझा पाय सारखा लागत होता. “पाय दे,” म्हणायचे. मी कणीक मळतामळता पाय पुढे करायचे.

पुढच्या खेपेला टँकमध्ये मिलिंद पाण्यात उतरले. कंबरभर पाण्यात, एक हात काठाला धरून, डोकं वर. मी त्यांच्या जवळून गेले, पलीकडच्या भिंतीला हात लावला, परत आले, पुन्हा गेले. पाय आपल्या आपण हलत होते. पाणी मागे जात होतं एवढंच कळत होतं. विहिरीत मामाने डबा सोडून घेतला होता त्या दिवशीसारखं हलकं वाटलं. थांबून वर पाहिलं तर मिलिंद माझ्याकडे बघत नव्हते. मी गेले त्या दिशेच्या पाण्याकडे बघत होते.

“झालं,” ते म्हणाले. “बसल्या तुला.”

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. विहारात खीर वाटली. त्यानंतर थोड्या दिवसांत आम्ही मालवणकडे गेलो. मिलिंदबरोबर बंदरात काम केलेले सुहास तांडेल गावी परत जाऊन होडी आणि सिलिंडर घेऊन हौशी लोकांना पाण्याखाली नेऊ लागले होते. त्यांनी मला दोन दिवस किनाऱ्याजवळ कंबरभर पाण्यात सराव करायला लावला, श्वास कसा घ्यायचा, कान कसे मोकळे करायचे. कानाचं मिलिंदनी स्वतः सांगितलं. माझ्या नाकावर स्वतःची बोटं ठेवून, हळू, अगदी हळू, म्हणाले. “नाही झाला मोकळा तर वर यायचं. लाज नाही त्यात.”

तिसऱ्या दिवशी होडीतून गेलो. मी पाठमोरी पाण्यात पडले.

खाली काय होतं ते मी पुष्कळांना सांगितलं आहे. खडक, त्यावर हलणारी जांभळी झाडं, चपटे पट्ट्यापट्ट्यांचे मासे, वरून तिरका येणारा उजेड. तांडेल माझा हात धरून होते, मी पाय मारत होते, पाय दुखत नव्हते. आवाज फक्त माझ्या श्वासाचा. पण खरं सांगायचं तर मला आज लख्ख आठवतं ते एकच. मी मान उलटी करून वर पाहिलं. होडीचं बूड दिसत होतं, काळं, पानासारखं. आणि त्याच्या कडेला दोन पाय पाण्यात सोडलेले. मिलिंद काठावर बसले होते. त्यांचे उघडे पाय, घोट्याच्या वरपर्यंत पाण्यात, न हलवता. मासे त्यांच्या खालून जात होते. मी तिथे किती वेळ बघत राहिले कोण जाणे, तांडेलांनी हात ओढला तेव्हा भानावर आले.

वर आल्यावर त्यांनी मला शिडीवरून ओढून घेतलं. मी तोंडातली नळी काढली. मला वाटलं आता विचारतील, काय दिसलं.

“पोटरी आखडली?”

“नाही.”

“टाच सुटली मधे?”

“नाही.”

त्यांनी मान हलवली. खाली बसून माझ्या फिन्सचे पट्टे सोडले, गोड्या पाण्याने धुतल्या, उन्हात ठेवल्या. परत येताना ते होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, तोंड वाऱ्याकडे करून बसले होते. मी तांडेलांना माशांची नावं विचारत होते.

संध्याकाळी ते म्हणाले, “मी राहू का इथे थोडे दिवस? तांडेलला माणूस पाहिजे. सिलिंडर भरायला, सामान बघायला. पाण्याबाहेरचंच काम आहे.”

“राहा,” मी म्हणाले. “मला लॅब आहे. आणि आईलाही बघावं लागतं पालेगावला.”

“मी पावसाळ्यात येईनच.”

आम्ही दोघांनी ते इतकं साधेपणाने बोलून टाकलं, जणू ते पहिल्यासारखे महिनाभर कामावर चालले होते. मी एकटी बसने परतले. त्या पावसाळ्यात रोज दुपारी पुलाखाली भेटणारा माणूस मी मिळवला होता, आणि तो तिथे राहिला. आजही याचा नीट हिशेब मला लावता येत नाही. मी त्यांना खिडकीतून उठवायला निघाले होते. ते उठले, हे काही खोटं नाही.

ते दर पावसाळ्यात येत राहिले. पाहुण्यासारखे. सकाळी उठून आपली चादर घडी करायचे. कुठल्या डब्यात काय आहे हे विचारायचे. मी त्यांना फिन्सबद्दल, समुद्राबद्दल विचारलं की नीट उत्तर द्यायचे, मग पाऊस बघत बसायचे.

गेल्या वर्षी डिसेंबरात आई गेली. आईचं सगळं आवरून झाल्यावर मी रजा घेऊन त्यांच्याकडे गेले. न कळवता. किनाऱ्यावर ताडपत्रीची शेड होती, तिच्यात लाकडी बाकावर पाण्यात उतरणाऱ्यांची रांग. मिलिंद वाळूत गुडघे टेकून बसले होते. केस बरेच पांढरे झाले होते. समोर नुकतं लग्न झालेली एक मुलगी, हातात चुडा, तिचा पाय त्यांच्या तळहातावर. “बोटं हलतात का? हलली पाहिजेत,” ते तिला विचारत होते. ती लाजून हसत होती. त्यांनी एक फिन चढवली, काढली, दुसरी घेतली. मुलीचा नवरा घाई करत होता, तर म्हणाले, “थांबा साहेब. तिला बसली पाहिजे, तुम्हाला नाही.” त्यांच्या आवाजात कसली घाई नव्हती, कसला राग नव्हता.

मी शेडच्या बाहेर उन्हात उभी होते. हाक मारली असती तर त्यांनी वळून पाहिलं असतं. मी मारली नाही, ते मोकळे होईपर्यंत थांबले.

दुपारी खानावळीत जेवलो. त्यांनी आईचं विचारलं. मी सांगितलं. माशाचे काटे काढून त्यांनी माझ्या ताटात तुकडा ठेवला. “येत जा अधूनमधून,” म्हणाले. मी म्हणाले, “बघते, रजा मिळेल तशी.” राहा असं ते म्हणाले नाहीत आणि मी थांबते असंही म्हटलं नाही. आता आई नव्हती, पालेगावला जायचं नव्हतं. हे दोघांनाही ठाऊक होतं.

संध्याकाळच्या एसटीसाठी स्टँडवर आलो. होडीवरचे दोन नवे लोक तिथे विडी ओढत उभे होते. त्यांतल्या एकाने विचारलं, “मिलिंददादा, पाहुणी कोण?”

“माझी मिसेस,” मिलिंद म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, “डायव्हर आहे.”

त्या दोघांनी विड्या खाली केल्या आणि माझ्याकडे आदराने पाहिलं. मी आयुष्यात एकदाच पाण्याखाली गेले होते. गाडी लागली, मिलिंदनी माझी पिशवी आत सरकवून दिली, आणि गाडी वळणावर जाईपर्यंत ते त्या दोघांना माझ्याबद्दल काहीतरी सांगत होते. हात समोर धरून, पंजे सावकाश वरखाली करत.